धुळाप्पाचा करपलेला गूळ

बसा मंडळी, बसा. हार गळ्यात पडला, बुक्का कपाळाला लागला, देवाचं नाव घेऊन झालं. मागच्यांनी पुढे सरका — आणि पुढच्यांनी झोपू नका! आता आख्यान.

पण त्याआधी एक सांगतो. मघाशी मी भजन म्हटलं. तुम्ही माना डोलावल्यात. पहिल्या रांगेतल्या मास्तरांनी तर दोनदा 'वा बुवा, वा' म्हटलं. बरं वाटलं. का नाही वाटणार? आणि हे आमचे पेटीवाले जनूभाऊ बघा — भजन संपल्यापासून माझ्याकडे बघायला तयार नाहीत. मान खाली घालून नुसता भाता हलवतायत. का बरं? ते आत्ता नाही सांगत, शेवटी सांगतो. तुम्ही फक्त ध्यानात ठेवा.

तर मंडळी, ऐका. आजचा प्रश्न असा. एखादा माणूस असतो, त्याच्या हातात कसब असतं. असं कसब, की आपण हातातलं काम टाकून बघत उभे राहतो. सुतार असेल, वैदू असेल, पोळ्या लाटणारी एखादी मावशी असेल. आपल्या तोंडून आपोआप 'वा' निघतं. आता मला सांगा — हे 'वा' आपण त्याला देतो, का त्याच्याकडून काही काढून घेतो?

गोंधळलात? गोंधळा, गोंधळा. मी स्वतःच गोंधळलोय, तर तुम्हाला कसा सोडेन? एका गावात हे आख्यान लावलं, तेव्हा एक आजी म्हणाल्या, बुवा, कौतुकाला कसलं आलंय पाप? दुसऱ्या गावात एक गवंडी उठला आणि म्हणाला, बुवा, मला कोणी तोंडभर वाखाणलं की दुसऱ्या दिवशी माझी भिंत वाकडी होते. आता यातलं कोणाचं खरं धरायचं? मला दोघांचंही पटलं. म्हणून म्हटलं, गोष्टच सांगू. गोष्टीला आपल्यापेक्षा जास्त कळतं.

उसाचा मुलूख. नदीच्या अलीकडे वडगोळी नावाचं गाव, पलीकडे सांगवे. थंडी पडली की दोन्हीकडे गुऱ्हाळं लागायची. चरकातून रस येतोय, भल्यामोठ्या काहिलीत तो रटरटतोय, खाली चुलवणात जाळ ढणढणतोय, आणि काहिलीच्या काठावर एक माणूस उभा आहे. हातात लांब दांड्याचा झारा. हा गुळव्या! रसाचा गूळ कधी झाला, काहील कधी उतरायची, हे सांगायचा मान त्याचा. क्षणभर आधी उतरली, तर गूळ चिकट राहतो, धरत नाही. क्षणभर उशीर झाला, तर करपतो. पाच-पन्नास माणसांनी वर्षभर राबून पिकवलेला ऊस त्या एका क्षणावर टांगलेला असतो.

वडगोळीचा गुळव्या म्हणजे धुळाप्पा. उंच, काटकुळा, धुराने डोळे कायमचे लाल झालेले. बाकीचे गुळवे काय करतात? उकळत्या पाकाचा थेंब थंड पाण्यात टाकतात, बोटांनी त्याची गोळी वळते का बघतात. धुळाप्पा पाण्याला हात लावत नसे. डोळे मिटून उभा राहायचा. वाफ तोंडावर घ्यायचा. काहिलीतल्या वासात काहीतरी बदलायचं — काय बदलायचं ते त्याचं त्याला ठाऊक — आणि तो नुसतं म्हणायचा, 'उतरा'. झालं! वाफ्यात, म्हणजे निववायच्या खळग्यात, ओतलेला गूळ निवला की केशरी, कणीदार, आणि वास असा की वाटेवरचा माणूस आत यायचा.

जनूभाऊ, सूर धरा. माझीच एक तोडकीमोडकी ओवी आहे —

रस सगळ्यांचा सारखा,
जाळ सगळ्यांचा सारखा,
क्षण उतरायचा नेमका
एकालाच कळे ॥

बोला, हरी हरी!

कोणी म्हणेल, बुवा, देवाच्या दारात हे गूळपुराण कशाला? अहो, देवाला तुम्ही दाखवता काय? गूळखोबरंच ना? मग तो गूळ कोणी केला ते एकदा तरी ऐका.

आता, असा माणूस गावात असला की त्याच्याकडे दोन तऱ्हेची माणसं येतात. एक अडत्या. तो बाजारपेठेतला माणूस. ढेपेचा तुकडा मोडणार, हुंगणार, जिभेवर ठेवणार आणि तोंडावर सांगणार — या काहिलीचं आधण बरं, त्या काहिलीचं हलकं. धुळाप्पालाही सांगायचा. धुळाप्पा चिडायचा, पण पुढच्या आधणाला जरा जास्त वेळ डोळे मिटून उभा राहायचा. आणि दुसरा येणारा म्हणजे सिदू.

सिदू हा पलीकडच्या सांगव्याचा गुळव्या. तोही नामांकित. पण बुटका, तोंडाने फटकळ आणि कायम नाक वर. भैरोबाच्या जत्रेला दरवर्षी नावेने नदी ओलांडून यायचा, धुळाप्पाच्या गुळाचा तुकडा खायचा, बराच वेळ चघळायचा आणि काहीतरी खोड काढायचा. कधी रसावरची मळी नीट काढली नाही म्हणायचा. कधी चुना चिमूटभर जास्त झालाय म्हणायचा. चांगलं म्हणून एकदाही बोलला नाही. वडगोळीच्या माणसांना तो डोळ्यांसमोर नको व्हायचा. धुळाप्पालाही.

इथपर्यंत सगळं सरळ आहे. आता गावाला कौतुकाचं भरतं आलं, आणि गोंधळ तिथून सुरू झाला.

गावकारभार दादगोंडा पाटलांकडे. मोठ्या मनाचा माणूस! एका जत्रेत ते देवळाच्या पायरीवर उभे राहिले आणि म्हणाले की एवढा मोठा कसबी आपल्या गावात, आणि त्याने बाजाराचा गूळ करायचा? कुठल्यातरी अडत्याने त्याच्या गुळाला हलका म्हणायचं? हे शोभतं का आपल्याला? आजपासून धुळाप्पाने फक्त देवाचा गूळ करायचा. गुऱ्हाळ चालू आहे तोवर दर रविवारी आरतीनंतर त्याच्याच गुळाचा प्रसाद. बाजाराचा गूळ दुसरं कोणी करेल. त्याच्या घरचं सगळं गाव बघेल.

टाळ्या पडल्या, मंडळी! धुळाप्पाला फेटा बांधला. त्याची बायको गौराक्का पदराने डोळे पुसत होती. आणि मी तरी काय म्हणू? मी तिथे असतो तर मीही टाळ्या वाजवल्या असत्या. माणसाच्या हाताचं याहून मोठं कौतुक काय करणार?

पण बघा हं. त्या दिवसापासून धुळाप्पाचा गूळ हा गूळ राहिला नाही. प्रसाद झाला. आणि प्रसादाला आपण कधी वाईट म्हणतो का? शिऱ्यात साखर कमी पडली तर घरी बोलतो. पण देवळात? हात पुढे, कपाळाला लावला, तोंडात टाकला — आणि गिळायच्या आधीच 'वा!' हसू नका, तुम्हीही हेच करता.

अडत्या गेला. राहिला सिदू. तो पुढच्या जत्रेला आलाच. त्या साली नदीला मोठा पूर येऊन गेला होता, ऊस पाण्यात उभा होता. सिदूने प्रसाद तोंडात टाकला, चघळला, आणि सवयीप्रमाणे भर मंडपात म्हणाला की यात भेंडीचा रस जास्त झालाय, गोडी दबलीय. रसातली घाण वर यावी म्हणून उकळताना भेंडीचा रस घालतात ना, तो.

एरवी लोक नुसते पुटपुटले असते. पण आता हा प्रसाद होता! चार माणसांनी सिदूला दंडाला धरलं, वेशीपर्यंत नेलं आणि बजावलं की पुन्हा वडगोळीत पाय ठेवायचा नाही, भैरोबाच्या प्रसादाला वाईट बोलणारा माणूस आम्हाला नको. आणि धुळाप्पा? धुळाप्पा डोक्यावर फेटा घालून खांबाला टेकून उभा होता. एका शब्दाने त्याला ते थांबवता आलं असतं. तो काही बोलला नाही. आतून त्याला थोडं बरंच वाटलं.

सिदू पुन्हा आला नाही.

त्यानंतर बरीच वर्षं सुखात गेली. आणि एका पावसाळ्यात धुळाप्पा तापाने पडला. वाईट ताप. वाचला, पण उठला तेव्हा घरात काहीतरी कमी वाटायला लागलं. काय कमी आहे ते कळेना. गौराक्का चुलीपाशी लसणाची फोडणी देत होती, तेल चुरचुरताना ऐकू येत होतं — आणि वास नाही. त्याने शेणाचा गोळा हातात घेऊन हुंगला. वास नाही. बुक्क्याची पुडी उघडली. वास नाही!

मंडळी, वास गेला. ज्या माणसाचं सगळं कसब नाकात, त्याचा वास गेला.

आता तुम्ही म्हणाल, त्याने सांगून टाकायचं. कोणाला सांगणार? अख्ख्या गावाने ज्याला फेटा बांधलाय, त्याने उठून म्हणायचं की माझं नाक गेलं? त्याने स्वतःची समजूत घातली की इतकी वर्षं केलंय, हात चुकणार नाही. थंडीत गुऱ्हाळ लागलं. तो काहिलीपाशी उभा राहिला, डोळे मिटले, वाफ तोंडावर आली. गरम वाफ, बाकी काही नाही. अंदाजाने म्हणाला, 'उतरा'.

गूळ झाला. त्याने तुकडा तोंडात टाकला. गोड लागला. पण नुसता गोड! वास गेला की जिभेचंही अर्धं जातं, हे ज्याला सर्दी झालीय त्याला विचारा. चांगला झालाय का वाईट, त्याला काही कळेना. रविवारी देवळात प्रसाद वाटला. धुळाप्पा दाराशी उभा राहून एकेकाचं तोंड बघत होता. म्हातारे म्हणाले वा. तरुण म्हणाले वा. पाटील म्हणाले, धुळाप्पा, दरसालपेक्षा चढ झालाय.

दुसऱ्या माणसाला आनंद झाला असता. धुळाप्पा आपलं बोट धोतराला पुसत राहिला. कारण ताट भरताना त्याने बोटाने गूळ दाबून बघितला होता, आणि बोट चिकटलं होतं. बोट एक सांगतंय, गाव एक सांगतंय! बोटावर विश्वास ठेवावा तर गाव खोटं पडतं. गावावर ठेवावा तर बोट खोटं पडतं. घरी जाऊन गौराक्काला विचारलं, तर ती म्हणाली, मला काय कळतंय, सगळे चांगला म्हणतायत म्हणजे चांगलाच असणार.

बघा मंडळी, माणूस कसा अडकला! चारी बाजूंनी माया आहे, आणि त्याला एक खरा शब्द मिळत नाही. आपण म्हणतो की माणसं वाईट बोलतात म्हणून माणूस खचतो. इथे सगळे चांगलं बोलतायत आणि हा रोज थोडा थोडा खचतोय. जेवण कमी झालं. अंगणात बसून राहायचा.

मग एका शनिवारी त्याने काय केलं ठाऊक आहे? काहील चढली. रस आटला, पाक झाला. जळवे, म्हणजे चुलवणात जाळ घालणारी माणसं, उतरायला दांडे घेऊन उभी. धुळाप्पा गप्प. पाक काळवंडायला लागला. एक जळव्या म्हणाला, मामा, आता? धुळाप्पा गप्प. धूर निघायला लागला. त्याला वास येत नव्हता, पण जळव्याच्या नाकपुड्या फुललेल्या त्याला दिसत होत्या. 'मामा, करपला की वो,' जळव्या म्हणाला. धुळाप्पा म्हणाला, 'अजून जाळ घाल.'

मुद्दाम करपवला, मंडळी! ज्या हाताने आयुष्यात एक ढेप वाया घालवली नव्हती, त्या हाताने. डोळ्यांतून पाणी येत होतं. जळव्यांना वाटलं धुराने येतंय.

रविवार आला. आरती झाली. काळाकुट्ट, दगडासारखा गूळ ताटात. धुळाप्पा देवासमोर उभा. मनात म्हणत होता, भैरोबा, एक माणूस. एकाने तरी तोंड वाकडं कर.

लोकांनी तुकडे कपाळाला लावले. तोंडात टाकले. कडाकड आवाज येत होता! एका म्हाताऱ्याचा दात हलला. आणि मग — 'वा! यंदा खरपूस हाय!' दुसरा म्हणाला, हा काळा गूळ औषधी असतो, धुळाप्पाने मुद्दाम आपल्या प्रकृतीसाठी केलाय. आणि दादगोंडा पाटील पुढे आले, धुळाप्पाच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, असा गूळ मी उभ्या आयुष्यात खाल्ला नव्हता.

त्या दिवशी देवळात तेवढं एकच वाक्य खरं होतं!

तुम्ही हसताय. हसा. पण तो तिथून घरी कसा गेला असेल? मघाशी त्याला एकच शंका होती, आजचा गूळ चांगला का वाईट. आता त्याहून मोठी शंका मनात शिरली. करपलेल्याला जर हे वा म्हणतात, तर मागच्या साली का म्हणत होते? त्याच्या मागच्या साली? माझा गूळ कधी चांगला होता तरी का? का ते गुळाला म्हणतच नव्हते, मलाच म्हणत होते? सबंध आयुष्य काहिलीपाशी उभं राहिलो, धुराने डोळे घालवले — ते कशासाठी झालं?

आता सांगा मंडळी, गावाने त्याचं वाईट केलं का? कोणाच्या मनात कपट होतं का? नव्हतं. प्रेमच होतं. मग त्या प्रेमाने माणसाचं सगळं आयुष्य कसं काय पुसून टाकलं? मी या ठिकाणी आलो की माझीच मती चालत नाही. जनूभाऊ, तुमची चालते का? ते बघा, अजून मान खालीच.

धुळाप्पाने अंथरूण धरलं. दोन दिवस अन्नाला शिवला नाही. गौराक्का उशाशी बसून राहिली. शेवटी त्याने भिंतीकडे तोंड करून तिला सगळं सांगितलं. नाकाचं सांगितलं, करपवल्याचं सांगितलं, मनातल्या त्या शंकेचंही सांगितलं. गौराक्का काही शहाण्यासुरत्या बायकांत मोडणारी नव्हती, पण संसार केलेली बाई होती. म्हणाली, 'तुमच्या गुळाला वाईट म्हणणारा एकच मानूस हुता. त्येलाच इचारा जावा.'

नेमकं त्यालाच विचारायचं! ज्याला दंडाला धरून काढताना आपण खांबाला टेकून बघत राहिलो, त्याच्याच दारात जायचं. धुळाप्पाला ते मरणाहून जड झालं. पण मंडळी, गेला. धोतराच्या सोग्यात दोन तुकडे बांधले. एक करपलेला आणि एक त्या आधीचा, अंदाजाने उतरलेला. डोक्यावर फेटा घातला नाही. नावेने नदी ओलांडली.

सांगव्याचं गुऱ्हाळ चालू होतं. सिदू आता म्हातारा झालेला, काहिलीच्या काठाशी पाटावर बसून पोराबाळांना ओरडत होता. धुळाप्पा समोर जाऊन उभा राहिला. सिदूने वर बघितलं. ये नाही, बस नाही. धुळाप्पाने सोगा सोडला आणि दोन तुकडे त्याच्या पुढ्यात ठेवले.

सिदूने करपलेला तुकडा उचलला. चावला. थुंकला. मग म्हणाला, 'ह्यो मुद्दाम केलायस. तुझ्या हातनं चुकून एवढं वाईट व्हनार न्हाई.'

मग दुसरा उचलला. हा मात्र तोंडात बराच वेळ धरला. एका गालातून दुसऱ्या गालात नेला. डोळे मिटले. थुंकला नाही. आणि आवाज एकदम खाली आणून म्हणाला, 'ह्यो मुद्दाम न्हाई.' मग वर बघितलं. 'धुळाप्पा, तुला वास येत न्हाई न्हवं?'

मंडळी, घरच्या बायकोला जे सांगावं लागलं, ते या माणसाला एका तुकड्यातून कळलं! धुळाप्पा त्याच्याशेजारी खाली बसला. सिदू सांगत होता की मळी काढायला उशीर झालाय, उतरायची घाई झालीय, आणि नाक शाबूत असताना या चुका तू करणारा माणूस नाहीस. धुळाप्पाने फक्त मान हलवली. मग ज्यासाठी आला होता ते विचारलं.

'सिदू, आधीचा तरी बरा हुता का? का कवाच न्हवता?'

सिदूने त्याच्याकडे बघितलं. आणि बोलायला लागला. पुराच्या सालचा गूळ त्याला आठवत होता. म्हणाला, त्या उसाला पाण्याचा कुबट वास होता, तो मारायला तू भेंडी जास्त घातलीस, म्हणून गोडी दबली. तेवढंच मी बोललो. पुढचं बोलायच्या आधी तुझ्या गावाने मला धरलं. पुढचं काय होतं? पुढचं हे होतं, की त्या उसाचा गूळच मला झाला नसता. मी काकवी करून मोकळा झालो असतो. त्याच्या आधीच्या दुष्काळाच्या सालचा आठवत होता, त्यात कणी बारीक पडली होती. त्याच्याही आधीचा आठवत होता. कुठे चुना जास्त, कुठे जाळ मंद. एकेक साल, एकेक चव! आणि शेवटी सिदू जरा ओशाळला. म्हणाला, 'तुझ्या लेकीच्या लग्नाच्या साली म्या म्हटलं, ढेप वाकडी हाय. आठवतंय?'

धुळाप्पाला आठवत होतं. त्या वेळी फार राग आला होता.

'गुळात काय सापडंनाच,' सिदू म्हणाला. 'लई शोधलं. रातभर त्योच तुकडा चघळत हुतो. तसा गूळ पुन्यांदा खाल्ला न्हाई, माझाबी न्हाई.'

मंडळी, धुळाप्पा रडला. काहिलीशेजारी बसून ओक्साबोक्शी रडला. त्याला गावाने इतकी वर्षं वा म्हटलं, पण कोणाला एकाही सालची चव आठवत नव्हती. आणि ज्याने कधी वा म्हटलं नाही, त्याने चाखलेला प्रत्येक गूळ जिभेवर जपून ठेवला होता! सिदूने त्याचा आजचा गूळ काढून घेतला, खरं आहे. पण मागचे सगळे परत दिले. आयुष्यच परत दिलं म्हणा ना.

पुढच्या रविवारी धुळाप्पा सिदूला घेऊनच देवळात आला. लोक खवळले. पाटील म्हणाले, हा माणूस इथे कसा? धुळाप्पाने हात जोडले आणि सांगितलं की माझा वास गेलाय, मागच्या रविवारचा गूळ मी जाणून करपवला होता, आणि या माणसाला तुम्ही काढलंत तेव्हा मी गप्प राहिलो ते चुकलं. आजचा गूळ याने केलाय. लोक एकमेकांकडे बघायला लागले. करपलेल्याला औषधी म्हणणारा खांबाआड सरकला.

ताट फिरलं. सगळ्यांच्या हातात तुकडा आणि सगळ्यांची नजर धुळाप्पाकडे, हा काय म्हणतो ते बघू म्हणून! सवय, दुसरं काय? तेव्हा धुळाप्पा म्हणाला, 'मला कळत न्हाई आता. तुमी सांगा. पर खाऊन सांगा.'

आणि त्या दिवशी वडगोळीच्या माणसांनी पहिल्यांदा प्रसाद चावला. मिटल्या तोंडाने, हळूहळू. कोणी बोलेना. भीती होती हो, भैरोबा समोर बसलाय! शेवटी मागून एक म्हातारी चाचरत म्हणाली, 'वाईच चिकाट हाय का?'

सिदूने तिच्याकडे वळून बघितलं, आणि त्याच्या कपाळावरची आठी पहिल्यांदा गेली. म्हणाला, 'व्हय मावशे. उसात पानी हुतं. माझी घाई झाली.' आणि गाव हसलं. भैरोबा काही कोपला नाही. पुढे धुळाप्पा रोज काहिलीपाशी जाऊन बसायचा, नदी ओलांडून आलेला सिदू डोळे मिटून उभा असायचा, आणि दोघे भांडायचे. गुळाला वास पुन्हा यायला लागला. फक्त धुळाप्पाला तो यायचा नाही. लोक त्याला सांगायचे, आज कसा आहे ते. खरं सांगायचे.

बोला, हरी हरी!

तर मंडळी, मघाचा प्रश्न. 'वा' म्हणावं का म्हणू नये? तुम्हाला वाटलं असेल, बुवा आता सांगतील की कौतुक करू नका. नाही सांगत. सिदूने आयुष्यात एकदा जरी म्हटलं असतं, की लग्नाच्या सालचा गूळ सुंदर होता, तर धुळाप्पाला नदी ओलांडून रडावं लागलं नसतं. मग काय, म्हणावं? म्हणावं, पण चावून. इतकंच मला सुचतंय. पुरतं सुचलेलं नाही.

आता तुमच्याकडे वळतो. मघाचं भजन. दुसऱ्या कडव्याला माझा सूर सुटला होता. चांगलाच सुटला होता. जनूभाऊंनी पट्टी दाबून धरली, मला वाट दाखवली, मी काही त्या वाटेला आलो नाही. त्याच कडव्याला तुम्ही माना डोलावल्यात. मास्तर, तुमचे दोन्ही 'वा' तिथलेच.

इथे मी तुम्हाला सांगणार होतो की ते मी मुद्दाम केलं. धुळाप्पासारखी तुमची परीक्षा घेतली. गोष्टीला ते शोभून दिसलं असतं, तुम्ही हसला असता, आणि जाताना म्हणाला असता, काय बुवा आहे!

मुद्दाम नव्हतं, मंडळी. मला कळलंच नाही. जनूभाऊंची मान खाली गेली तेव्हा कळलं. आणि हे असं किती दिवस चाललंय, किती गावांत मी असा गायलो, ते मला ठाऊक नाही. कारण सगळीकडे माना डोलतच होत्या. काही खरं चांगलं गायलो असेन, तर तेही ठाऊक नाही. तुम्ही सांगितलं तरच कळणार.

आता आरती होईल, मग प्रसाद मिळेल. गूळखोबरंच आहे. चावून खा, आणि मग मला पायरीवर भेटा. पाया पडू नका. दुसऱ्या कडव्याबद्दल बोला.

जनूभाऊ, मान वर करा. आरतीचा सूर द्या. आणि या वेळी माझा सुटला, तर मला सांभाळून घेऊ नका. पेटी थांबवा.